जॅमचा कट ऑफ पार झाला, पण पहिल्या यादीत नाव नाही. आता काय करावं?

शेवंती

नमस्कार मंडळी. मी डिचोलीहून लिहितेय. मुलगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. फेब्रुवारीत तिने आयआयटीची जॅम परीक्षा दिली, एमएस्सीच्या प्रवेशासाठी असते ती. मार्चमध्ये निकाल आला तेव्हा स्कोअर कार्डवर 'क्वालिफाइड' लिहिलेलं होतं. कट ऑफपेक्षा अडीच गुण जास्त होते. आमच्या घराण्यात एमएस्सीपर्यंत कोणी पोचलेलं नाही, त्यामुळे त्या दिवशी आम्ही देवळात नारळ ठेवला आणि शेजारीपाजारी पेढे वाटले. मुलगी आयआयटीत चालली असंच सगळ्यांना सांगितलं.

परवा पहिली यादी लागली. तिच्या नावापुढे जागा नाही. क्रमांक बाराशेच्या पुढचा आहे. तेव्हापासून ती खोलीतून बाहेर येत नाही. लोक फोन करून कुठली आयआयटी मिळाली म्हणून विचारतात, ती फोन माझ्या हातात देते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. कट ऑफ पार झाला तर जागा का नाही? पुढच्या यादीची वाट बघावी का? आणि गोवा विद्यापीठात नाव लागलं तर ते घ्यावं, की एक वर्ष थांबून परत परीक्षा द्यावी? तिच्या बाबांचं म्हणणं, विद्यापीठ घरापासून जवळ, रोज जाऊन-येऊन करेल. तिला थांबायचं आहे. मला तर काहीच कळेनासं झालंय.

तिसवाडीकर

ताई, आधी मुलीचं अभिनंदन. पेढे वाटले ते बरोबरच केलं. निकाल खरा आहे, तो कोणी काढून घेतलेला नाही.

मीठागर

शेवंतीताई, हा घोळ दर वर्षी शेकडो घरांत होतो, कारण 'कट ऑफ' या एकाच शब्दाने दोन वेगळ्या गोष्टी बोलल्या जातात.

पहिला कट ऑफ म्हणजे पात्रतेचा. तेवढे गुण मिळाले की गुणवत्ता यादीत तुमचा क्रमांक लागतो, म्हणजे रांगेत उभं राहायला मिळतं. दुसरा म्हणजे प्रत्येक आयआयटीच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शेवटची जागा ज्या क्रमांकाला मिळाली तो, क्लोजिंग रँक. जागा ठरते ती या दुसऱ्यावर. सगळ्या आयआयटी मिळून जॅमच्या जागा साधारण तीन हजार, त्याही सात विषयांत वाटलेल्या: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, संख्याशास्त्र, जिऑलॉजी, बायोटेक्नॉलॉजी आणि 2021 पासून अर्थशास्त्र. त्यातल्या केमिस्ट्रीच्या जागा पुन्हा ओपन, ओबीसी, एससी, एसटी, ईडब्ल्यूएस अशा विभागल्या जातात. पात्र मुलं मात्र जागांपेक्षा खूप जास्त असतात.

पात्रतेचा कट ऑफ वर्गानुसार बदलतो. ओबीसी नॉन-क्रीमिलेयर आणि ईडब्ल्यूएसला जनरलच्या 90 टक्के, एससी, एसटी आणि दिव्यांगांना 50 टक्के. समजा जनरलचा 24 आला, तर ओबीसीचा 21.6 आणि एससी-एसटीचा 12. हा आकडा दर वर्षी आणि दर विषयाला वेगळा असतो. म्हणून गेल्या वर्षीचा कट ऑफ बघून गणित मांडू नये.

वाट बघण्याबद्दल सांगायचं तर पहिल्या यादीत जागा न मिळालेल्यांचं नाव पुढच्या फेऱ्यांत आपोआप धरलं जातं. वरची मुलं जागा सोडतात, क्रमांक खाली सरकतो. तीन-चार फेऱ्या होतात. मला एकच सांगा, तिने पसंतीक्रमात किती पर्याय भरले होते?

शेवंती

तिला विचारलं. चार. मुंबई, दिल्ली, मद्रास, कानपूर. बाकीच्या आयआयटी तिला माहीतच नव्हत्या म्हणाली, आणि फॉर्मची मुदत संपत आली होती.

मीठागर

मग कारण सापडलं. या चार ठिकाणी केमिस्ट्रीची यादी फार वर बंद होते. बाराशेचा क्रमांक वाईट नाही, फक्त या चार दारांसाठी कमी पडला. मुदत संपल्यावर पसंतीक्रमात भर घालता येत नाही, तेव्हा आयआयटीच्या पुढच्या यादीवर फार आस ठेवू नका.

पण जॅमचा स्कोअर फक्त आयआयटीला चालत नाही. एनआयटी आणि आणखी काही केंद्रीय संस्थांच्या दोन हजारांहून अधिक जागा सीसीएमएन या वेगळ्या प्रवेशप्रक्रियेतून भरतात. त्याची नोंदणी स्वतंत्र करावी लागते, जॅमचा अर्ज भरला म्हणून ती होत नाही. आजच्या आज संकेतस्थळावर जाऊन मुदत बघा. आणि या वेळी चार नाही, जिथे जिथे जायची तयारी आहे ते सगळे पर्याय भरा, आवडीच्या क्रमाने.

ओवळां

+१. कर्नाटकातलं सुरतकलचं एनआयटी वर ठेवा. थिवीला कोकण रेल्वेत बसलं की थेट सुरतकलला उतरता येतं. माझी भाची शनिवारी रात्री घरी यायची ती आईच्या हातचं हुमण जेवायला, आणि परत जाताना डबा भरून न्यायची.

प्राध्यापक_बार्देश

मी कॉलेजात पंचवीस वर्षं केमिस्ट्री शिकवतो. जागेचं वरच्या मंडळींनी सांगितलंच आहे. मला ते अडीच गुण कसे वाढले असते याबद्दल लिहायचं आहे, कारण थांबायचं की नाही याचं उत्तर त्यात आहे.

जॅमचा पेपर तीन तासांचा, 60 प्रश्न, 100 गुण. अ विभागात चार पर्यायांचे 30 प्रश्न, इथे चुकीला दंड आहे: एका गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश. ब विभागात 10 प्रश्न, एकापेक्षा जास्त उत्तरं बरोबर असू शकतात. दंड नाही, पण अर्धवट बरोबर असेल तर अर्धे गुणही नाहीत. क विभागात 20 प्रश्न, पर्यायच नाहीत, आकडा काढून टाइप करायचा. इथेही दंड नाही.

आमची मुलं अ विभागात डोळे मिटून ठोकतात. दोन गुणांच्या बारा प्रश्नांवर असा अंदाज मारला तर सरासरीने तीन बरोबर येतील, म्हणजे 6 गुण. नऊ चुकतील, त्याचे 6 गेले. हातात शून्य, वेळ गेला तो वेगळा. तेच चारांतला एक पर्याय नक्की चूक आहे हे कळत असेल तर उरलेल्या तिघांत अंदाज मारणं फायद्याचं. एवढं साधं गणित कोणी त्यांना करून दाखवत नाही.

आणि क विभाग आमची मुलं कोरा सोडतात. त्याचं कारण मला प्रयोगशाळेत दिसतं. आमच्या विद्यापीठी पेपरात स्पष्टीकरण लिहिलं की गुण मिळतात, शेवटचा आकडा चुकला तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. जॅममध्ये पायऱ्या कोणी बघत नाही. गेल्या वर्षी मी एका विद्यार्थिनीला शेजारी बसवून जुना पेपर सोडवायला लावला. अभिक्रियेच्या वेगाचा प्रश्न होता. सूत्र बरोबर, मांडणी सुरेख. मग तिने सवयीने खिशातला कॅल्क्युलेटर काढला. म्हटलं, तो मिळत नाही, पडद्यावरचा वापरायचा, माउसने एकेक आकडा दाबत. लॉगचं बटण शोधण्यात तिचा मिनिट गेला, नंतर तिने नैसर्गिक लॉगऐवजी दहाच्या पायाचा घेतला आणि सगळं उत्तर 2.303 पटीने चुकलं. मुलगी हुशार, विषय येत होता, दोन गुण गेले. असे पाच प्रश्न धरा, म्हणजे 10 गुण. केमिस्ट्रीत 10 गुणांनी क्रमांक शेकड्यांनी वर जातो.

तेव्हा ताई, मुलीला तिचं उत्तरपत्र आणि उत्तरसूची शेजारी ठेवून बसायला सांगा. अ विभागात दंडात किती गेले, क विभागात किती कोरे राहिले, हे मोजू द्या. सरावाअभावी गेले असतील तर पुन्हा परीक्षा देण्यात अर्थ आहे. विषयच कच्चा असेल तर घरी बसून वर्ष काढण्यापेक्षा एमएस्सीच्या वर्गात बसणं बरं.

दूधसागर

सरांचं पटलं, पण 'घरी बसून वर्ष काढणं' म्हणजे वाया, हे मला मान्य नाही. मी स्वतः एक वर्ष थांबलो होतो. फिजिक्स. पहिल्या प्रयत्नात कट ऑफच्या खाली. घरच्यांनी बोलणं टाकलं नाही एवढंच. मी सकाळी सात ते अकरा गावातल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचो, बाकी दिवस अभ्यास. दुसऱ्या वर्षी फक्त जॅम दिली नाही, सोबत फिजिक्सच्या संशोधन संस्थांची जेस्ट आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, म्हणजे टीआयएफआरची, डिसेंबरातली परीक्षाही दिली. जॅममध्येही सकाळच्या सत्रात एक आणि दुपारच्या सत्रात एक असे दोन पेपर देता येतात, मी गणित आणि फिजिक्स दोन्ही दिले. एकाच अभ्यासावर चार दारं ठोठावली, त्यातलं एक उघडलं.

ड्रॉप घ्यायचा तर असा घ्या. नुसता एका परीक्षेसाठी घेऊ नका.

आबोली

दूधसागर, तुमचं कौतुक आहे. पण तुम्ही मुलगा आहात, तुमच्या घरी एका वर्षाने लग्नाचा विषय निघाला नसेल. माझ्या घरी निघाला. पदवी झाली, पुढे प्रवेश नाही, मग 'तोवर स्थळं बघूया'. ते 'तोवर' मला सहा वर्षं पुरलं. आज मी वेर्णा वसाहतीत औषधांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, काम करते, कामावर माझं प्रेम आहे. पण एमएस्सी मी तिशीत केली.

शेवंतीताई, तुम्ही तशा आई नाही हे तुमच्या लिहिण्यावरून कळतंय. तरी मुलीच्या नावावर कुठेतरी प्रवेश असू दे. हातात प्रवेश असला की नातेवाइकांना उत्तर द्यायची गरज पडत नाही.

दूधसागर

आबोलीताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तुमचं बरोबर आहे. नाव कुठेतरी असू दे आणि तयारीही चालू राहू दे, असं म्हणतो.

पाटो

गोवा विद्यापीठाला कमी लेखू नका बरं. 1985 साली सुरू झालं, ताळगावच्या पठारावर. तिथून दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था हाकेच्या अंतरावर, ती तर 1966 पासूनची. वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र, जिथून अंटार्क्टिकाच्या मोहिमा आखल्या जातात. समुद्र, रसायन, सूक्ष्मजीव यांत काम करायचं असेल तर देशभरातली मुलं इथे यायला धडपडतात आणि आमची मुलं इथून बाहेर पळायला.

प्रवेशासाठी विद्यापीठाची स्वतःची जीयू-आर्ट परीक्षा असते. मरीन बायोटेक्नॉलॉजीला मात्र गॅट-बी ही बायोटेक्नॉलॉजीची देशपातळीवरची परीक्षा लागते, आणि त्या जागांवर केंद्र सरकारचं विद्यावेतनही मिळतं. रोजचा बसप्रवास धरून सांगतो, डिचोलीहून पणजी, मग पणजीहून कदंबाची दुसरी बस. पावसाळ्यात कठीण जातं. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशासोबतच करा.

केपेकर

मीठागर यांनी वर एसटीच्या 50 टक्क्यांचं लिहिलंय, त्याबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे.

मी वेळीप समाजातला. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गोव्यात आम्हाला 12 टक्के आरक्षण, केंद्रात साडेसात. मी बीएस्सीला होतो तेव्हा वर्गात आम्ही चौघं होतो, आणि चौघांपैकी एकानेही जॅमचा अर्ज भरला नाही. कट ऑफ आम्हाला निम्मा आहे आणि अर्जाची फीसुद्धा निम्मी, हे सांगणारं कोणीच नव्हतं. मला कळलं ते एमएस्सी संपता संपता, प्राध्यापकी आणि संशोधनासाठीच्या नेट परीक्षेचा फॉर्म भरताना. तेव्हा रडू आलं होतं.

आता दर ऑक्टोबरात मी केपे, सांगे, काणकोणच्या मुलांना एका ओळखीच्यांच्या पडवीत जमवतो. लॅपटॉप एक, मुलं आठ-दहा. अर्ज भरून घेतो. पहिलं काम प्रमाणपत्राचं. केंद्राच्या नमुन्यातलं जातीचं प्रमाणपत्र लागतं, राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. एका पोराचं एका कचेरीत सात वेळा परत आलं, दर वेळी वेगळं कारण. सातव्या वेळी मी स्वतः जाऊन टेबलासमोर उभा राहिलो, छापील नमुना पुढे ठेवला आणि म्हटलं, यातला एक शब्दही बदलू नका. मिळालं. तो पोर आज जिऑलॉजीत एमएस्सी करतोय.

निम्मा कट ऑफ म्हणजे निम्मी मेहनत, असं बोलणारे भेटतात. त्यांनी एकदा त्या पडवीत येऊन बसावं.

तिसवाडीकर

केपेकर, या ऑक्टोबरात मी येतो. लॅपटॉप घेऊन.

प्राध्यापक_बार्देश

मीही. जुने पेपर छापून आणतो, तेवढी जबाबदारी माझी.

खाजन

ओबीसीवाल्यांनीही लक्षात ठेवा: नॉन-क्रीमिलेयर प्रमाणपत्र ताजं लागतं, दोन वर्षांपूर्वीचं पुढे केलं तर जागा हातची जाते. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. आणि जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघा, फक्त राज्याच्या यादीत असून उपयोग नाही. माझ्या पुतण्याचं यावरून ओपनमध्ये धरलं गेलं होतं.

आणखी एक. बारावीला गणित सोडलेल्या मुलांनी प्रत्येक अभ्यासक्रमाची पात्रता वाचावी. काही ठिकाणी एमएस्सी केमिस्ट्रीलाही बारावीच्या गणिताची अट असते. क्रमांक चांगला येऊनसुद्धा मग काही करता येत नाही.

ओवळां

हे बारावीच्या गणिताचं अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी शाळांनी सांगायला हवं. सोळा वर्षांच्या मुलाला काय माहीत पुढे काय लागणार?

पाटो

थोडं विषयाबाहेर, पण 2023-24 पासून गोव्यात एनईपी, म्हणजे नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, लागू झालं, त्यामुळे तीन वर्षांनी बाहेर न पडता चौथं वर्ष करायचा पर्यायही आहे. चौथ्या वर्षानंतर एमएस्सी एका वर्षाची. ज्यांना 'ड्रॉप' या शब्दाची भीती वाटते त्यांना हे वर्ष कॉलेजात राहून तयारीला मिळतं. कोणी घेतलंय का?

मीठागर

माझ्या शेजारच्या मुलीने घेतलंय, संशोधन प्रकल्पासह. तिचं म्हणणं, प्रयोगशाळेत वेळ मिळाला पण परीक्षेच्या तयारीला फारसा नाही. एक वर्षाची एमएस्सी सगळीकडे सुरू झालेली नाही, तेव्हा कुठे जायचंय ते आधी ठरवून घ्यावं.

आबोली

एक गोष्ट राहिली. एमएस्सी कुठून केली याचा लोक जेवढा बाऊ करतात तेवढा नंतर उरत नाही. पुढे पीएचडी करायची तर सीएसआयआर नेट आहे, गेट आहे. नेटमधून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिना 37 हजार, दोन वर्षांनी 42 हजार. आमच्या विभागातली एक मुलगी ताळगावला एमएस्सी करून जेआरएफ घेऊन गेली, आज पुण्यात पीएचडी करतेय. नेटच्या पेपराला कोणी विचारत नाही, बाय, तुझी एमएस्सी कुठली.

शेवंती

सगळ्यांना देव बरें करूं. दहा दिवसांनी लिहितेय.

त्या रात्री हा धागा मी तिला वाचायला दिला. तिने सगळा वाचला, केपेकरांचं दोनदा. मग स्वतःहून उठली आणि सरांनी सांगितलं तसं उत्तरपत्र काढून बसली. अ विभागात सात गुण दंडात गेले. क विभागातले नऊ प्रश्न कोरे होते. त्यातले पाच तिने दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होईपर्यंत सोडवले. कप हातात घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, आई, मला हे येत होतं गं. रडली थोडी. पण तोंड वेगळं होतं.

सीसीएमएनची नोंदणी उघडी होती. या वेळी बावीस पर्याय भरले, सुरतकल दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या फेरीत एका एनआयटीत जागा लागली, फार लांबची, ईशान्येकडची. तिने ती धरून ठेवलीय, वरची मिळाली तर बदलेल. विद्यापीठाच्या यादीतही नाव आलंय. बाबांनी काल तिला पणजीला नेऊन फी भरली, आणि येताना सांगितलं की सुरतकल लागलं तर मी स्वतः सोडायला येईन.

फोन आता तीच घेते. लोकांना सांगते, पात्र झालेय, जागा ठरायची आहे.

मला आणखी एक विचारायचं होतं. मायग्रेशन सर्टिफिकेट आत्ताच काढून ठेवू का? आणि शेवटच्या सत्राची गुणपत्रिका अजून यायची आहे, त्याचं काय?

मीठागर

मायग्रेशन आत्ता काढू नका, ताई. ती गोवा विद्यापीठाचीच पदवीधर, ताळगावला घेतलं तर त्याची गरज पडणार नाही. बाहेरची जागा पक्की झाली की त्याच दिवशी अर्ज करा. गुणपत्रिकेला संस्था मुदत देतात. प्रवेशाच्या वेळी कॉलेजचं पत्र न्या, निकाल बाकी असल्याचं, प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं. त्याच्या दोन प्रती करा.

ओवळां

सुरतकल लागलं की इथे लिहा. भाचीचा नंबर देते, पहिल्या दिवशी स्टेशनवर घ्यायला येईल.